यल्लव्वांच्या पाळण्याची हक्क-पडताळणी

जे. पी. नगरातल्या आमच्या संकुलाच्या क्लबहाउसमध्ये कुणीही उठून काहीही गावं, असे रानटी दिवस आता राहिलेले नाहीत. गाणं म्हणण्यापूर्वी ते कुणाच्या मालकीचं आहे, याची पडताळणी होते. ती करणाऱ्या उपसमितीचा अध्यक्ष या नात्याने सांगतो, यल्लव्वांवर कसलाही अन्याय झालेला नाही. उगाच बोभाटा करू नये.

यल्लव्वा या पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना चालवणाऱ्या नागराज यांच्या मातोश्री. नागराज यांच्या तान्ह्या मुलीचं बारसं क्लबहाउसमध्ये ठरलं आणि म्हातारीनं हट्ट धरला, पाळणा मीच म्हणणार. निपाणीकडच्या त्यांच्या घरात प्रत्येक बाळाला हाच पाळणा म्हटलेला. त्यांना हल्ली धाप लागते. पुढच्या बाळापर्यंत आवाज टिकेल, असा भरवसा नव्हता.

“कवी कोण?” मी विचारलं.

“कवी कुठला हो अण्णा? माझी आई म्हणायची. मी स्वल्प ओळी घातल्या.”

“म्हणजे सहलेखन. आईंची संमती लागेल.”

“ती वर गेली की!”

“मग वारसांची.”

“वारस मीच की हो!”

“तुम्ही अर्जदार आहात, आजी. स्वतःच स्वतःला परवानगी दिलीत तर लोक काय म्हणतील?”

हे त्यांना पटलं नाही. आमचे तांत्रिक सदस्य तनय पुण्याहून आलेले, स्वभावाने सोशिक. ते म्हणाले, “आजी, चिल. फुल लिरिक्स द्या, मी चेक करतो.” पण शेवटच्या ओळीत बाळाचं नाव येतं.

“आत्यानं कानात सांगायच्या आधी नाव फोडू व्हय? शिव शिव!” म्हणत यल्लव्वांनी ती ओळ काही दिली नाही. अपुऱ्या मजकुराला मंजुरी देणं नियमात बसेना.

अखेर माणुसकीच्या नात्याने मीच तोडगा काढला. नाव वगळून त्यांनी पाळणा म्हणून दाखवावा आणि तो रेकॉर्ड करून संकुलाच्या ग्रुपवर टाकून हरकती मागवाव्यात. म्हातारीनं डोळे मिटून म्हटला. खरं सांगतो, मला माझी आई आठवली. पण भावना आणि प्रक्रिया यांची मी गल्लत करत नाही.

हरकत एकही आली नाही. दाद मात्र भरपूर आली. लोकांनी तो ऑफिसात पाठवला, गावाकडं पाठवला. कुणीतरी यल्लव्वांचं नाव काढून टाकलं, कुणी तबला घातला, मांजराच्या पिल्लांच्या व्हिडिओवर तो वाजू लागला. शेवटी एका कंपनीने तो आपल्या नावावर चढवला.

बारशाच्या सकाळी तनयने अंतिम तपासणी केली. गाण्यांचे मालक शोधणाऱ्या यंत्राने क्षणात सांगितलं, हे गाणं दुसऱ्याच्या मालकीचं.

“आवाज माझाच हाय न्हवं त्यात?” यल्लव्वा कडाडल्या.

“तिथंच तर तुम्ही अडकलात, आजी,” मी म्हणालो. “नक्कल फारच हुबेहूब आहे.”

“अहो, माझ्या आईची नक्कल माझीच आई करते?” नागराज संतापले. मी त्यांना बसायला खुर्ची दिली.

बारसं व्यवस्थित पार पडलं. स्पीकरवर तोच पाळणा लावला, कंपनीची रीतसर परवानगी काढून. शेवटच्या ओळीत नावाच्या जागी नुसता तबला वाजला. यल्लव्वा पाळण्याची दोरी धरून, तोंड मिटून उभ्या होत्या आणि रडत होत्या.

आता तुम्ही हळहळत असाल, आम्हाला शिव्या घालत असाल. खुशाल घाला. मात्र तो पाळणा तुमच्याही फोनवर आला होता. तुम्ही जागच्या जागी गहिवरलात आणि लगेच पुढे पाठवलात. म्हणणारी बाई कोण, हे तेव्हा विचारलं होतंत?