गिटारीतली अन्नपूर्णा

नीलकंठरावांनी गिटार केली होती. घरच्या मोडक्या कपाटाची, स्वतःच्या हातानं! दूधविनायक मोहल्ल्यातल्या त्या घरात वर्षभर आमटीलासुद्धा लाकूड चिकटवायच्या सरसाचा वास येत होता. लेकीला, नंदाला, सासरी जाताना ही गिटार द्यायची, एवढाच त्यांना ध्यास. पण व्याही विश्वेश्वरपंतांनी साफ बजावलं होतं, "आमच्याकडे देवघरातली घंटा सोडून काही वाजत नाही."

तरी लग्नाच्या आदल्या दिवशी गिटारीच्या आतली एक पट्टी सुटली, आणि हा गृहस्थ पुन्हा सरस लावत बसलाच! पट्टीवर दाब द्यायला, भोकातून आत जाईल असं लहान पण जड काहीतरी हवं होतं. समोर तबकात पितळेची अन्नपूर्णा होती. "आई, जरा बस हं," म्हणत त्यांनी तिला आत बसवलं. तेवढ्यात वऱ्हाड आलं आणि ते साफ विसरले. झालं!

सकाळी नंदा गौरीहर पुजायला पाटावर बसली, तर पुढचा चौरंग रिकामा.

"अहो, अन्नपूर्णा कुठाय?" नंदाची आई पद्माबाई ओरडल्या. हीच देवी पुजायची आणि हीच घेऊन सासरी जायचं. तिच्याशिवाय नवरी उठणार कशी?

नीलकंठरावांनी धावत जाऊन गिटार आणली. भोकात हात घालून ओढलं. छे! सरस ओघळून देवी पक्की चिकटली होती.

"गरम पाणी ओता!"

"अगं, सरस विरघळला तर अख्खी गिटार सुटेल!"

"मग करवत आणा!"

"आई, रहने दो ना!" नंदा रडकुंडीला आली. "बाबांनी सालभर घासलीय ती!"

"मुहूर्त टळतोय!" बाहेरून विश्वेश्वरपंत गरजले.

बिंदुमाधव भटजींनी भोकाला डोळा लावला. "छान बसलीय की! उठवता कशाला? गाभाराच समजा. ठेवा चौरंगावर. आणि देवीपुढं वाजायला तर हवंच हो!"

नंदा भोकातून अक्षता टाकू लागली. दाणे तारांवर आपटून टणटण वाजायला लागले. नीलकंठरावांना इतका आनंद झाला, की कन्यादानाचं रडू त्यांना आधीच आलं.

विश्वेश्वरपंतांचा नाइलाज झाला. "येऊ दे. पण देवी सुटली की त्याच दिवशी गिटार परत!"

वरात निघाली. पुढच्या रिक्षात विश्वेश्वरपंत आणि नवरदेव, मागच्या रिक्षात नंदा आणि सासूबाई. या प्रेमलाबाई लग्नभर एक अक्षर बोलल्या नव्हत्या. गिटार त्यांच्याच मांडीवर पालथी होती. गोदौलियाच्या वळणावर रिक्षा खड्ड्यात आदळली, आणि खट्ट! अक्षतांसकट अन्नपूर्णा सासूबाईंच्या ओटीत.

"आता गिटार परत!" नंदा पुटपुटली.

प्रेमलाबाईंनी पुढच्या रिक्षाकडं पाहिलं. देवीला नमस्कार केला, गिटार सुलटी करून तिला अलगद परत आत सोडलं आणि वर पदर ओढला.

"सूनबाई," त्या हळूच म्हणाल्या, "बाबांनी थोडा सरस दिलाय ना बरोबर?"