उपासनी काका आणि थायलंडच्या सुट्ट्या

उपासनी काकांचा थायलंडच्या सुट्ट्यांवर विश्वास नव्हता. थायलंड नावाचा देश आहे, तिथे आमच्या कंपनीच्या कॉम्प्युटर चिप्स तपासून पॅक करणारी फॅक्टरी आहे, इथपर्यंत त्यांना मान्य होतं. पण त्या फॅक्टरीला इतक्या सुट्ट्या असतात आणि प्रत्येक सुट्टीमागे खरंच काहीतरी कारण असतं, हे त्यांना कधीच पटलं नाही. फॅक्टरीनं पाठवलेलं कॅलेंडर त्यांच्या क्युबिकलमध्ये टांगलेलं असे आणि त्यातल्या प्रत्येक लाल तारखेपुढे त्यांनी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून ठेवलेलं असे.

मी अमेरिकेत, चँडलरच्या या ऑफिसात लागले तेव्हा मला त्यांच्या शेजारची जागा मिळाली. काका मूळचे नाशिकचे, पण ॲरिझोनात तीस वर्षं काढलेले. ऑफिस त्यांना शरद म्हणे. माझ्या तोंडून ते निघेना, म्हणून मी काका म्हणू लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी गजभिये म्हटल्यावर ते म्हणाले, म्हणजे नागपूर. मग थोडं थांबून, नागपूर शहरच ना, की जवळपासचं गाव आणि सांगताना नागपूर? मी म्हटलं शहरच, इंदोरा. त्यावर ते नुसतं “हं” म्हणाले. नंतर कधीतरी तपासून बघू, असं त्या “हं”मध्ये होतं.

असा संशय ते सगळ्यांवर सारखाच घेत, त्यामुळे राग येत नसे. इंडियन ग्रोसरीत आमरसाचा डबा घेतला की त्यावरची तारीख भारतात छापली की इथे, हे ते मालकाला विचारत. बॉसनं “गुड जॉब” म्हटलं की दिवसभर त्यांना चैन नसे. “यात काहीतरी आहे,” असं ते म्हणत. हे वाक्य मी त्यांच्याकडून दिवसाला चारदा तरी ऐकलं असेल.

पण थायलंडवर त्यांचा खास डोळा होता. फॅक्टरीशी रोज संध्याकाळी सहाला व्हिडिओ कॉल असे. तेव्हा तिथे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे आठ वाजलेले असत. पलीकडे नोक नावाची एक मध्यमवयीन बाई असायची, इकडे काका. किती माल निघाला, किती अडकला, एवढंच बोलणं. तिकडे बुधवारी सुट्टी असली की इकडे आमचा मंगळवारचा कॉल बुडे. सण त्यांचा, बुधवार त्यांचा आणि मंगळवार मात्र आपला जातो, हे काकांना फसवणुकीसारखं वाटे.

सोंगक्रान हा तिथला एप्रिलमधला नववर्षाचा सण. तेव्हा फॅक्टरी तीन दिवस बंद. काकांचं म्हणणं, यांचं एक नवं वर्ष जानेवारीत होऊन गेलं, त्याची सुट्टीही घेतली, मग एप्रिलमध्ये हे दुसरं कुठून आलं? नोकनं एकदा रस्त्यावर लोक एकमेकांवर पाणी उडवतायत असा फोटो पाठवला. काकांनी तो मोठा करून पाहिला आणि मला दाखवला. मागच्या माणसाचा शर्ट कोरडा होता.

सण रविवारी आला की सोमवारी बदली सुट्टी, हा तर त्यांच्या मते उघड दरोडा होता. आईचा दिवस ऑगस्टमध्ये, वडिलांचा डिसेंबरमध्ये. दोघांचा एकदम का नाही करत, असं त्यांनी नोकलाच विचारलं होतं. ती हसली म्हणे. त्या हसण्यातही त्यांना काहीतरी दिसलं.

आमचा ग्रेग कामासाठी तिकडे गेला आणि नेमका सोंगक्रानमध्ये सापडला. एका आजीबाईनं त्याच्या लॅपटॉपच्या बॅगेवर तांब्याभर पाणी ओतलं. तो खूश होऊन परत आला, लॅपटॉप मात्र गेला. मग काकांनी तिकडे जाणाऱ्यांसाठी एक पानभर सूचना लिहून काढल्या. सरकारी कचेऱ्या आणि व्हिसाचं ऑफिस बंद असेल. पाणी अंगावर आल्यास हसावं, पासपोर्ट प्लॅस्टिकमध्ये ठेवावा. आगगाडीचं तिकीट आयत्या वेळी मिळणार नाही. बुद्धाच्या सणाला बीअर मिळेलच असं धरून चालू नये. मॉल उघडे असतील, त्यावरून सुट्टी खोटी आहे असं लगेच म्हणू नये, पण विचार करावा. ते पान आजही ऑफिसात फिरतं आणि जाऊन आलेले लोक सांगतात की त्यातला शब्द न् शब्द खरा निघतो. काका स्वतः थायलंडला एकदाही गेले नव्हते. मी कारण विचारलं तर म्हणाले, लांबून नीट दिसतं.

या वर्षी मे महिन्यात त्यांना मोठा पुरावा सापडला. बुद्धपौर्णिमेला माझी आई नागपूरला विहारात गेली होती, तिनं पाठवलेले फोटो मी काकांना दाखवले होते. आणि थायलंडची तीच पौर्णिमा कॅलेंडरवर तब्बल एक महिना पुढे. काका माझ्या टेबलापाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, “स्नेहल, पकडलं. बुद्ध एकच ना? मग जन्म दोनदा कसा?” खरं सांगते, क्षणभर मलाही नोकचा संशय आला. मग आईनं फोनवर सांगितलं की अधिक महिना असतो, तो त्यांचा आधी पडला असेल. मी हे काकांना सांगितलं. अधिक महिना ही अख्ख्या देशानं मिळून मारलेली थाप असू शकते, हे त्यांना अशक्य वाटत नव्हतं.

याच सुमारास आमची मॅनेजर लॉरा हिनं मला बोलावलं. शरदची रोज तक्रार असते, कॉल बुडतात, सुट्ट्या फार, तर मग हा रोजचा कॉल बंदच करू, आठवड्याला एक ईमेल पुरेल, असं तिचं म्हणणं. मला प्रपोजल लिहायला सांगितलं. काकांना आनंद होईल म्हणून मी त्यांना लगेच सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. रोज तोंड बघितल्याशिवाय हे लोक सरळ काम करणार नाहीत, ईमेलवर कोणीही काहीही लिहील, असं ते तावातावानं बोलत राहिले.

आता संशय घ्यायची पाळी माझी होती. ज्या कॉलला हा माणूस रोज शिव्या घालतो, तो जाताना याला एवढं का लागावं? मग माझ्या लक्षात आलं की फॅक्टरी बंद असते त्या दिवशीही काका सहा वाजता मीटिंग रूममध्ये जातात आणि दार लावून घेतात. पलीकडे कोणी नाही, मग आत काय चालतं? दुसऱ्या कंपनीशी बोलतायत की काय? म्हटलं, यात काहीतरी आहे.

जुलैच्या शेवटी आषाढी पौर्णिमा आली. थायलंडला सलग दोन दिवस सुट्टी, एक त्या पौर्णिमेची आणि दुसरी वर्षावासाच्या सुरुवातीची, म्हणजे भिक्खू पावसाळाभर एका जागी राहतात त्याची. दुसऱ्या दिवशी बँका चालू पण सरकार बंद, यावर काकांनी मला सकाळीच ऐकवलं. या वेळी तारीख आपल्याकडच्या तारखेशी तंतोतंत जुळत होती, तेही त्यांनी पंचांगात दोनदा पाहिलं. “मग सुट्टी खरी आहे म्हणायची,” ते म्हणाले. आणि पंचांग मिटून ठेवलं.

संध्याकाळी सहाला ते रूममध्ये गेले. ऑफिस जवळजवळ रिकामं झालं होतं. बाहेर अजून इतकं ऊन होतं की गाडीचं स्टिअरिंग धरवलं नसतं. रोजच्या कॉलची लिंक माझ्याकडेही होती. मी कॅमेरा बंद ठेवून, नाव न टाकता ती उघडली.

स्क्रीनवर एकटे काका होते. समोर उघडलेला डबा, त्यात पोळी-भाजी. कोणीतरी आलं हे दिसताच त्यांचा चेहरा असा उजळला की मला माझीच लाज वाटली.

“गुड मॉर्निंग, नोक,” ते इंग्रजीत म्हणाले. “येस, येस, आय ॲम ईटिंग.”

मी कॅमेरा लावला. “काका, मी आहे.”

त्यांनी डब्याचं झाकण हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. मग सांगू लागले. काकूंना जाऊन चार वर्षं झाली. मुलगी मिशिगनला, तिचा फोन रविवारी येतो. नोक रोज कॉल सुरू झाला की आधी विचारते, जेवलात का. नाही म्हटलं तर रागावते. एकदा म्हणाली, मग इथेच बसून जेवा, मी आकडे वाचते. तेव्हापासून ते सहाला जेवतात. सुट्टीच्या दिवशी घरी जाऊन जेवायचं म्हटलं तर जेवणच होत नाही, म्हणून डबा घेऊन, कॉल लावून इथेच बसतात.

“मी शोधून काढलंय,” ते म्हणाले. “त्यांच्यात सगळे सगळ्यांना असंच विचारतात. नमस्कारासारखं. तिला तसं काही म्हणायचं नसेल.”

मी म्हटलं, आमच्याकडेही सगळे सगळ्यांना असंच विचारतात, आणि तरी त्यांना तसंच म्हणायचं असतं. काकांनी यावर मान हलवली नाही, पण पोळीचा तुकडा मोडला. मीटिंग रूम माझ्या टेबलापासून वीस पावलांवर होती. मी उठून गेले नाही आणि त्यांनीही बोलावलं नाही. त्यांचं जेवण होईपर्यंत आम्ही तसेच स्क्रीनवर बोलत बसलो. गाडी शिकताना काकूंनी घरासमोरची टपालाची मेलबॉक्स कशी पाडली, ते त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॉराला म्हटलं की थायलंडच्या सुट्ट्या इतक्या बेभरवशाच्या आहेत की रोजचा कॉल बंद करणं धोक्याचं ठरेल. काकांचे सगळे आक्षेप मी तिला एकेक करून ऐकवले. ती घाबरली आणि कॉल राहिला. काकांना मी यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना त्यातही काहीतरी दिसलं असतं.

फॅक्टरीची सुट्टी अजून एक दिवस होती. सहाला दोन मिनिटं असताना मी माझा डबा समोर ठेवून लिंक उघडली. काका आधीच आत होते, केस पाणी लावून विंचरलेले.

“तुला आज काही काम नाही का?” त्यांनी विचारलं. माझ्याकडे, मग माझ्या डब्याकडे बारकाईनं पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढून घेतली.