निळं गवत

किसन सोनकांबळे हापसा दुरुस्त करायचा, आणि पाणी आलं की दांड्यावर हात ठेवून उभा राहायचा. कुणाला भरू द्यायचा नाही. बाया घागरी घेऊन सकाळपासून बसलेल्या असायच्या, पोरं रडत असायची. हा मात्र जीपमधून एक गोल, कातड्याचं, लांब मानेचं वाद्य काढायचा, उजव्या हाताच्या बोटांत पत्र्याची नखं घालायचा आणि एक अख्खं इंग्रजी गाणं म्हणायचा. मगच दांडा सोडायचा.

बाया त्याला काय काय बोलायच्या ते लिहिण्यासारखं नाही. रेणापूरकडच्या एका गावात एका आजीनं त्याला विचारलं होतं, बाबा, ह्ये संपल्यावर येतंय का पाणी, का अजून बी म्हणायचंय. सोनकांबळेनं शांतपणे सांगितलं, “एकच कडवं ऱ्हायलंय, माय.”

मी त्या वेळी लातूरच्या कलेक्टर कचेरीत टंचाई शाखेचा कारकून होतो. जिल्हा नवाकोरा होता. उस्मानाबादेहून फाईली आल्या होत्या, कपाटं यायची होती. पाटी रंगवून झाली होती आणि पाऊस दुसऱ्या वर्षीही आला नव्हता. कुठल्या गावाला टँकर, कुठल्या वस्तीला बोअर, याच्या याद्या माझ्याकडे असत. सोनकांबळे हापशांचा मेकॅनिक. एके दिवशी तो माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, भाऊसाहेब, तुमच्या कपाटात एवढं ठेवता का, घरी ठेवायची सोय न्हाई. टँकरच्या फाईलींशेजारी त्याचा बेंजो उभा राहिला तो असा.

लातुरात बेंजो म्हटलं की लोकांना वरातीतला, बटणं दाबून वाजवायचा बेंजो आठवतो. सोनकांबळेला त्याचा राग यायचा. “त्यो वेगळा. ह्यो अमेरिकेचा हाय. ह्याला निळं गवत म्हणतेत.” त्या संगीताचं तिकडं नावच तसं आहे, असं त्याला सांगण्यात आलं होतं. कचेरीत त्यावर फार हसायचे. गुरांच्या छावणीचा आमचा एक कारकून रोज विचारायचा, सोनकांबळे, दोन ट्रक निळं गवत धाडता का, हिरवं कुठंच मिळंना. सोनकांबळे हसायचा नाही. तो फार कमी हसायचा.

ही विद्या त्याला डेल साहेबाकडून मिळाली होती. बाहत्तरच्या दुष्काळात बोअरची गाडी घेऊन हा अमेरिकन माणूस मराठवाड्यात आला होता. तिकडच्या कुठल्याशा डोंगराळ मुलखातला, उंच, तोंडात चार दात कमी. सोनकांबळे त्याच्या गाडीवर मजूर होता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पाणी लागलं की डेल साहेब गाडीच्या पायरीवर बसून बेंजो वाजवायचा, अख्खं गाव भोवती जमायचं. बोअर कोरडा गेला की तो लोकांकडे पाठ करून बसायचा आणि जेवायचा नाही. “माझ्याच हातानं कोरडा गेला असं वाटायचं त्याला,” सोनकांबळे सांगायचा. “लई समजावलं. पर समजावणार कोणच्या भाषेत.” जाताना त्यानं बेंजो सोनकांबळेला दिला. पंधरा गाणी शिकवून गेला. शब्दांचा अर्थ सोनकांबळेला माहीत नव्हता. एवढंच ठाऊक होतं की घर सोडून आलेल्या माणसांची ती गाणी आहेत, आणि बहुतेकांत शेवटी कुणीतरी मरतं.

बेंजो घरी ठेवायची सोय नव्हती, कारण घरी बाप होता.

छप्पन साली धर्म बदलला तेव्हा सोनकांबळेच्या बापानं हलगी विहिरीत टाकली होती. त्याआधी गावात लग्न असो, मयत असो, दवंडी असो, बोलावणं आलं की हलगी घेऊन जावं लागायचं. उन्हात उभं राहून वाजवायचं आणि वरून टाकलेली भाकरी घ्यायची. हलगी बंद केली म्हणून गावानं वस्तीला वर्षभर कामावर घेतलं नव्हतं. ते वर्ष बापानं काढलं होतं, आणि पोरगा पुन्हा कातड्याचं वाद्य घेऊन दारात उभा. म्हातारा एवढंच म्हणाला, “आम्ही उपाशी राहून सोडलं, आन् तू गोऱ्याकडनं शिकून आलास.”

सोनकांबळेनं त्याला सांगून पाहिलं. डेल साहेबानं खुणांनी, चित्रं काढून सांगितलेली गोष्ट अशी होती, की हे वाद्य मुळात गोऱ्यांचं नाहीच. जहाजात बांधून नेलेल्या काळ्या गुलामांबरोबर ते तिकडं गेलं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं. चार दिवसांनी, जेवताना, त्यानं विचारलं, “मग सुटल्यावर त्यांनी वाजवायचं सोडलं का?” हे काही डेल साहेबानं चित्र काढून सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून सोनकांबळेचा नियम होता. लग्नात वाजवायचं नाही, मिरवणुकीत नाही, कुणाच्या दारात नाही. फक्त पाण्यापाशी.

हा नियम मोडला तो माझ्यामुळे.

नव्या जिल्ह्याचा एक समारंभ ठरला. मोठे पाहुणे येणार होते, आणि करमणुकीचा कार्यक्रम बसवायचं काम माझ्याकडे आलं. दुष्काळात लेझीम बरं दिसत नाही, भजन रोजचंच. मी साहेबांना म्हणालो, आपल्याकडे एक माणूस अमेरिकन संगीत वाजवतो. साहेब खूश झाले.

सोनकांबळे सरळ नाही म्हणाला. मी सांगितलं, हे कुणाचं दार नाही, सरकारी मैदान आहे. तो दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो माझ्या टेबलासमोर उभाच राहिला, बसला नाही. त्याच्या वस्तीचं नाव माझ्या बोअरच्या यादीत चाळिसावं होतं. गावची विहीर आटत आली होती आणि तिथं वस्तीतल्या बायांना सगळ्यांचं भरून झाल्यावर गाळ मिळायचा. “गाडी पाठवा,” तो म्हणाला, “म्हंजे वाजवतो.”

मी यादी बदलली. चाळिसावं नाव चौथं केलं. वस्तीला गरज होतीच, पण मी गरजेसाठी बदलली नाही.

समारंभ भर दुपारी होता. मांडवाचं कापड तापून वास येत होता. निवेदकानं बेंजो वादन असं जाहीर केलं आणि मागच्या बाजूला पोरांनी शिट्ट्या मारल्या, त्यांना वरातीतलं काहीतरी येणार असं वाटलं. सोनकांबळे इस्त्रीचा सदरा घालून वर गेला. खुर्चीच्या कडेला टेकला, पत्र्याची नखं घातली आणि सुरू झाला.

मी ते वाद्य वर्षभर कपाटात सांभाळलं होतं, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं. पाच तारा. त्यातली एक आखूड, ती मधूनमधून एकाच सुरात वाजत राहायची, बाकीच्या तिच्याभोवती पळायच्या. चाल घाईची आणि आवाज मात्र शोकाचा. तो नाकातून, उंच पट्टीत गायचा, जसं डोंगराच्या एका अंगाला उभं राहून पलीकडच्याला हाक मारावी. पहिल्या रांगेतले अधिकारी पाहुण्यांच्या तोंडाकडे बघत होते. मागं हसू फुटलं. मग कुणीतरी, चेहरा काही दिसला नाही, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालं, “त्यापरीस हलगीच घ्यायची की. ती तर घरचीच हाय.”

सोनकांबळेचा हात थांबला. मला वाटलं, हा आता उठून जाणार. त्यानं जावं, असंही वाटलं. त्यानं मान खाली घातली, एक तार पिळली आणि थांबल्या जागेपासून पुढं सुरू केलं. ठरलेली तिन्ही गाणी पुरी केली. पाहुण्यांनी हसून एखादं सिनेमातलं होऊन जाऊ दे म्हटलं, तेही वाजवलं. त्यालाच टाळ्या पडल्या. खाली उतरून त्यानं बेंजो माझ्या हातात दिला आणि विचारलं, “गाडी कधी येती?”

गाडी दीड महिन्यानं आली. मीही गेलो होतो. वस्तीतल्या बायांनी जागेभोवती सडा टाकायचा म्हणून पाणी शोधलं, मिळालं नाही, तेव्हा नुसतं झाडून घेतलं. दीडशे फुटांपर्यंत धूळ उडत होती. दोनशेलाही धूळच होती. गाडीवाल्यांनी पाइप वर ओढून घेतले, कारण त्यांना त्याच दिवशी पाचव्या नावाला जायचं होतं. लोक एकेक करून उठून गेले.

सोनकांबळे त्या भोकाशी पाठमोरा बसला होता. म्हातारा काठी टेकत आला. समारंभातलं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलं होतं. कोण बोललं, त्यानं विचारलं. कळलं न्हाई, सोनकांबळे म्हणाला.

म्हातारा जमिनीवर बसला. जीपमध्ये बेंजो होता, त्याकडे काठी दाखवून म्हणाला, “वाजव.”

“पाणी न्हाई लागलं, बा.”

“पाण्यासाठी न्हाई म्हणत मी.”

सोनकांबळेनं वाजवलं. ऐकायला आम्ही दोघं आणि एक शेळी. म्हाताऱ्यानं डोळे मिटले नाहीत की मान डोलावली नाही. पोराच्या बोटांकडे बघत राहिला. गाणं संपल्यावर म्हणाला, “लई रडकं हाय.” आणि काठी घेऊन घराकडे निघून गेला. पावसाळ्याच्या तोंडाशी तो वारला.

पुढे माझी बदली नांदेडला झाली. दोन वर्षांनी सोनकांबळे एसटीनं माझ्या घरी आला. बरोबर अर्धापूरची केळी आणि एक मळकं पाकीट, त्यावर डेल साहेबाचा पत्ता. तो म्हणाला, इंग्रजीत चिठ्ठी लिहून द्या. दर साली कुणाकडनं तरी लिहून धाडतो. मागच्या दोन सालांत जवाब आला न्हाई, म्हातारा झाला असंल.

मी कागद घेतला. त्यानं सांगायला सुरुवात केली. तुम्ही घेतलेले सगळे बोअर चालू हायेत. एक बी आटला न्हाई. लातूरला असताना त्यातले निम्मे तरी माझ्याच यादीत कोरडे म्हणून होते. मी लिहीत राहिलो. आमच्या वस्तीत बी बोअर झाला, पाणी लागलं. बानं गाणं ऐकलं. त्याला आवडलं.

मी वाचून दाखवलं, मराठीत. त्यानं दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग किती फुटांवर पाणी लागलं ते घातलं का, असं विचारलं. मी म्हणालो, दोनशे लिहू?

त्यानं ते मळकं पाकीट मांडीवर सपाट केलं.

“ऐंशी लिहा,” तो म्हणाला. “दोनशे म्हटलं तर साहेबाच्या जिवाला लागंल, किती खोल गेलं म्हणून.”