पॅसेंजरसाठी प्रोसेसर

नागोजीरावांची गाडी त्या दिवशीही बेचाळीस मिनिटं लेट पोचली आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल अक्षरांत तसं जाहीर झालं. पस्तीस वर्षं अरक्कोणमची पॅसेंजर वेळेवर चालवून निवृत्त झालेला हा माणूस. आता अण्णा नगरच्या फ्लॅटमध्ये, भाच्याने दिलेल्या जुन्या फोरएटीसिक्स कॉम्प्युटरवर आगगाडीचा खेळ खेळताना रोज लेटचा शेरा घेऊन तोंड पाडून बसत होता.

"अय्यो, खेळातली गाडी ती! किती मनाला लावून घ्यायचं?" त्यांच्या पत्नी सरोजाबाई म्हणाल्या.

"खेळातली असली तरी ड्रायव्हर मीच ना? एकदा, फक्त एकदाच टायमात न्यायचीय मला."

दोष प्रोसेसरचा आहे, असं निदान रामस्वामीने केलं. रिची स्ट्रीटच्या कॉम्प्युटर-बाजारात कपाटाएवढं दुकान असलेला हा मेकॅनिक कॉम्प्युटरचं झाकण उघडू लागला की नागोजीराव चपला काढून उभे राहत.

"पेंटियम घ्या, सार. विमान आहे विमान!"

पण पेंटियमला नवा बोर्ड लागत होता, नव्या बोर्डाला नवी रॅम, आणि दोघांना मिळून नवा डबा. नागोजीरावांनी हात वर करून रामस्वामीला थांबवलं. त्यांच्याकडे चार हजार होते, तेही सरोजाबाईंचा मिक्सर पुढच्या वर्षावर ढकलून उरलेले. शेवटी जुन्याच खाचेत बसेल असा, त्यातल्या त्यात वेगवान प्रोसेसर ठरला. बिस्किटाएवढी ती वस्तू त्यांनी दोन्ही हातांत धरून बसने घरी आणली. सीट रिकामी होती, तरी ते बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. त्या दिवशी रामस्वामी स्क्रूड्रायव्हरला हात लावणार नव्हता, कारण हत्यारं पूजेला बसलेली. सरोजाबाईंनी ग्राइंडर, इस्त्री, स्कूटर, पंख्याचं बटण, सगळ्यांना चंदनकुंकू लावलं.

"ह्याला विसरू नकोस," नागोजीराव प्रोसेसरची डबी पुढे करत म्हणाले. "सगळ्यांत मोठं आयुध हेच."

"ह्याचं तोंड कुठलं?"

नागोजीरावांनी निरखून पाहिलं. एक बाजू काळी, सपाट. दुसऱ्या बाजूला सोन्यासारखे चकाकणारे दीडशेहून जास्त बारीक काटे. "चकाकतंय ते तोंड," त्यांनी ठामपणे सांगितलं. सरोजाबाईंनी तीन बोटांनी भरघोस चंदन लावलं आणि दोघांनी हात जोडले.

विजयादशमीला रामस्वामी आला, त्याने डबी उघडली आणि मटकन खाली बसला.

"अम्मा! हे काय केलंत?"

"एवढंसं गंध लावलं."

"हे त्याचे पाय आहेत, अम्मा!"

"मग काय झालं? देवाच्याही पायांना लावतातच की."

पुढचे दोन तास रामस्वामी स्पिरिट आणि टूथब्रश घेऊन एकेक पाय धूत होता. नागोजीराव बॅटरी धरून उभे होते आणि श्वास जपून घेत होते. वाकलेला एक पाय सरोजाबाईंच्या सुईने सरळ झाला. अखेर प्रोसेसर खाचेत बसला. मग रामस्वामीने खिशातून ट्यूब काढली आणि त्याच्या काळ्या पाठीवर बोटाने पांढरा लेप लावला.

"आता तू काय लावलंस रे?" सरोजाबाईंनी विचारलं.

"डोकं तापू नये म्हणून, अम्मा."

"आणि चंदन कशासाठी लावतात?"

रामस्वामीने ट्यूबचं टोपण लावून डबा बंद केला.

बटण दाबलं. खेळ सुरू झाला, शिटी वाजली, आणि गाडी निघाली म्हणेपर्यंत पूल, भातशेतं, तीन स्टेशनं डोळ्यांदेखत मागे गेली. तिघंही थक्क झाले. नागोजीरावांचे डोळे भरून आले. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: एकोणीस मिनिटं आधी! त्याखाली आणखी एक ओळ होती: प्रवासी शून्य.

"शून्य कसे?"

"खेळ जुना आहे, सार. प्रोसेसर पळेल तसा पळतो. गाडी थांबली कधी नि सुटली कधी, लोकांना चढायलाच मिळालं नाही."

"माणसं फलाटावरच राहिली?" नागोजीराव खुर्चीतून उठले. अशी रिकामी गाडी त्यांनी जन्मात नेली नव्हती. "रामस्वामी, ह्यात थोडा उशीर घालता येईल का रे?"

रामस्वामीने डब्यावरचं, जुन्या खेळांसाठी वेग उतरवणारं टर्बोचं बटण दाबलं. दिवा विझला आणि गाडी रेंगाळत निघाली. प्रत्येक स्टेशनावर टोपल्या घेऊन माणसं सावकाश चढली. दीड तासाने गाडी पोचली, अठ्ठेचाळीस मिनिटं लेट. म्हणजे पूर्वीपेक्षाही सहा मिनिटं जास्त. रामस्वामी हळूच आपली पिशवी आवरू लागला.

पण नागोजीराव लाल अक्षरांकडे बघतच नव्हते. त्यांचं बोट खालच्या ओळीवर होतं.

"एकशे बारा! सरोजा, एकशे बारा माणसं आणली आपण! काय प्रोसेसर आहे, बाप रे!"

हा आकडा जुन्या प्रोसेसरवरही रोज येत असे. नागोजीरावांनी लेटच्या पुढे कधी वाचलंच नव्हतं.