बटण दाबलं गेल्याची नोंद झाली आहे

माणसाचं दुखणं ऐकून घ्यायला यंत्रणा लागते. तिला ते समजलंच पाहिजे, असं मात्र कुठेही लिहिलेलं नाही. याच उदात्त भूमिकेतून आमच्या रुग्णालयाने डॉक्टरांसाठी मोबाइल ॲप करून घेतलं. सगळ्या विभागांची एकच यादी आणि प्रत्येक नावापुढे बटण : ‘आत बोलवा’. डॉक्टरांनी बटण दाबायचं, बाहेरच्या भोंग्याने नाव पुकारायचं. (पूर्वी हे काम एक मावशी तोंडाने करत. आधुनिकीकरणात त्यांना सामावून घेतलं आहे. त्या भोंगा पुसतात.)

पहिल्या दिवशी बावीस रुग्ण होते. यादीत सर्वांत वर एक शिंपीकाका, कानातला मळ काढायला आलेले. पाच मिनिटांत ते मोकळे झाले. मग दातांच्या डॉक्टरांनी दुसऱ्याच कुणासाठी बटण दाबलं आणि भोंग्याने पुन्हा काकांनाच पुकारलं.

“कोणता दात दुखतोय?”

“दुखत कुठलाच नाही. पण तुम्ही बोलावलंत म्हणजे काहीतरी असेलच.”

दाढ निघाली. पुढे हाडांचे डॉक्टर झाले, त्वचेचे झाले. प्रसूतितज्ज्ञ बाईंनी बोलावलं तेव्हा मात्र काका जरा दचकले. तरी गेले.

बाकीचे एकवीस जण बाकावर. त्यांत ॲप लिहिणाऱ्या मुलीची आईही होती, पायाचं प्लास्टर काढून घ्यायला आलेली. तिने लेकीला फोन लावला. “अगं, हे गृहस्थ आठव्यांदा आत गेले! मी माझा पाय विसरले, मला आता त्यांचीच काळजी लागलीय.”

मुलगी धावतच आली आणि अधीक्षकांसमोर उभी राहिली. “सर, बटण फक्त ‘मला दाबलं’ एवढंच सांगतं. कुणासाठी दाबलं, ते आपण त्याला आधी सांगून ठेवायचं असतं. प्रत्येक बटणाला त्या रुग्णाचा क्रमांक द्यायचा. नाही दिला तर सगळ्यांचा शून्य, आणि संगणक शून्यापासून मोजतो, त्यामुळे शून्य म्हणजे यादीतला पहिला माणूस.”

“मग दिला का नाहीस?”

“एक दिवस मागितला होता. तुम्ही म्हणालात, आधी बटणाचा रंग ठरवू.”

(रंगासाठी चार बैठका झाल्या. पोपटी ठरला. छान दिसतो.)

मुलीने आईशेजारी बसून अर्ध्या तासात क्रमांक घातले. भोंग्याने आईचं नाव घेतलं. प्लास्टर निघालं. आई लंगडत बाहेर आली, तर काका अजून बाकावरच.

“आता मला कुणी बोलवत नाही हो,” ते गाल धरून म्हणाले.

“मी बोलावते. चला, चहा घेऊ.”

“डाव्या बाजूने घेतो,” काका म्हणाले आणि उठले.

घडल्या प्रकाराची गंभीर दखल घेऊन अधीक्षकांनी ॲप रुग्णांनाही खुलं केलं आणि त्यात ‘तक्रार’ हे नवं बटण बसवलं. मुलीला न विचारता, एका दुपारात. ते आज सकाळी आपणच दाबलंत. दाबलं गेलं, हे आम्हाला कळलं. आपण कोण आणि आपलं काय दुखतंय, हे कळायची सोय नाही. म्हणून आपलं पूर्ण समाधान झालं असल्याची नोंद केली आहे.