रंगारीकाकांनी हात वर केला

रंगारीकाकांचा उजवा हात कानापर्यंत यायचा आणि तिथंच अडून बसायचा. कान खाजवायला, टोपी सारखी करायला तो चांगला होता. पण काकांचं पोट कानाच्या बरंच वर होतं. काका छतं रंगवायचे.

भिंती रंगवणारे गावात पुष्कळ होते. छताला मात्र लोक काकांना शोधत यायचे, कारण काकांनी रंगवलेल्या छतावर ब्रशची ओढ दिसत नसे. सहा महिन्यांपूर्वी एका बंगल्याच्या जिन्यात त्यांची शिडी सरकली. आधी काका खाली आले, मग पांढऱ्या रंगाची बादली आली. खांदा तीन ठिकाणी मोडला. डॉक्टरांनी प्लेट आणि सात स्क्रू घालून तो जोडला आणि हात सहा आठवडे झोळीत ठेवला. झोळीतून बाहेर आला तेव्हा तो पावसाळ्यातल्या दारासारखा गच्च बसला होता.

कंत्राटदार तसा भला माणूस. त्यानं काकांना काम देऊ केलं, पण खालची अर्धी भिंत. वरची अर्धी आणि छत रोलरवाला करणार होता. रोलरवाला हा काकांच्या दृष्टीनं रंगारी नव्हताच, तो छताला लाटून काढणारा माणूस होता. तीन दिवस काकांनी उकिडवं बसून पट्टे मारले, डोक्यावर रोलरचे शिंतोडे घेतले आणि चौथ्या दिवशी गेलेच नाहीत. त्यात बातमी आली, की वाचनालयाच्या मोठ्या दालनाचं छत यंदा रंगवायला काढायचं आहे. ते छत पंधरा वर्षांपूर्वी काकांनीच रंगवलं होतं. कंत्राटदारानं स्पष्ट सांगितलं, "एक तारखेला काम सुरू. हात डोक्यावर जातो असा लेखी कागद आणा, छत तुमचं. नाही आणला तर रोलरवाल्याचं. तुम्हाला शिडीवर चढवून मी घोर लावून घेणार नाही."

कागद देणारी व्यक्ती काकांच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. फिजिओथेरपिस्ट हा शब्द इमारतीत कुणाच्याच जिभेवर नीट बसला नव्हता, त्यामुळे सगळे तिला व्यायामताई म्हणत. कोपऱ्यावर तिचा दवाखाना होता. आवाज मऊ आणि हात लोखंडाचे. "दुखतंय का?" असं ती विचारायची आणि पेशंट हो म्हणाला की "छान" म्हणायची. शिवाय गेली सहा वर्षं ती इमारतीची सेक्रेटरी होती. पण हे पंप बंद पडल्याशिवाय कुणाला आठवत नसे.

तिनं काकांना लोलकासारखा हात हलवायला लावला, दारावर कप्पी बांधून दोरी ओढायला लावली, आणि रोज भिंतीवर बोटं चालवत चालवत वर न्यायला लावली. जिथं बोटं थांबतील तिथं पेन्सिलीचा ठिपका द्यायचा. आपणच रंगवलेल्या भिंतीवर ठिपका द्यायचा म्हणजे काकांच्या जिवावर यायचं, पण त्यांनी दिला. ठिपके स्विचबोर्डापासून निघाले, आरशाला वळसा घालून कॅलेंडरच्या खिळ्याकडे सरकले, आणि खिळ्याच्या चार बोटं खाली येऊन थांबले. तीन आठवडे तिथंच. ठिपक्यावर ठिपका देऊन प्लास्टरला भोक पडलं.

"राहिलं," काका एका दुपारी बायकोला म्हणाले. "आता छत बघत आडवं पडायचं, एवढंच आपलं काम."

 काकू पेन्सिलीला टोक काढत बसल्या, नको इतकं. काका घाबरले आहेत हे त्यांना कळत होतं, आणि आपण घाबरलो आहोत हे काकांना कळू द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी व्यायामताईनं एका कार्डावर हिरव्या शाईनं नवा व्यायाम लिहून दिला. रोज संध्याकाळी बरोबर साडेसात. दहा वेळा. हात सरळ वर. कुठंही असाल तरी.

"कुठंही म्हणजे?" काकांनी विचारलं.

"कुठंही. खांद्याला वेळेची सवय लागते, काका. आणि लोक बघतात म्हणून लाजायचं नाही. लाजलं की स्नायू आखडतात."

काका शिस्तीचे. पहिल्या संध्याकाळी साडेसातला ते न्हाव्याच्या खुर्चीत होते. न्हाव्यानं वस्तरा बाजूला धरून दहा मोजले. दुसऱ्या दिवशी ते बसथांब्याजवळून चालले होते. हात कानापर्यंतच गेला, पण बसला तेवढा पुरला. बस थांबली. ड्रायव्हर वाट बघत राहिला. एवढ्या भल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून काका चढले आणि दोन थांबे पुढं जाऊन चालत परत आले. खांदा तसाच.

त्याच आठवड्यात इमारतीची वार्षिक सभा आली. तळमजल्यावर, गाड्या बाजूला काढून, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून. पाण्याची टाकी झाली, गच्चीचं कुलूप झालं, दुसऱ्या मजल्यावरच्या गळतीवर तासभर गळून झालं, आणि नवा सेक्रेटरी कोण हा विषय निघाला.

हा विषय निघाला की इमारतीतली माणसं पुतळे व्हायची. नाकावर माशी बसली तरी हाकलायची नाही, हात दिसला तर संपलं. तळमजल्यावरचे घड्याळजी तर सवयीनं चप्पल शोधायला वाकायचे आणि विषय संपेपर्यंत त्यांना ती सापडायची नाही. आताही ते वाकले होते. चेअरमननी एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं. दरवर्षी याच ठिकाणी सगळे व्यायामताईकडे बघायचे आणि ती सुस्कारा टाकून वही परत पिशवीत घालायची.

मागच्या रांगेत काकांचं या कशाकडंच लक्ष नव्हतं. एक तारीख चार दिवसांवर आली होती, आणि ते मनातल्या मनात वाचनालयाच्या छताला पहिला हात देत होते. साडेसात वाजले. काकांनी व्यायाम सुरू केला. एक, कान. दोन, कान. लोकांना वाटलं टोपी सारखी करताहेत. नऊ, कान.

"शेवटचं विचारतो," चेअरमन म्हणाले. "आहे का कुणी तयार?"

दहाव्या वेळी काकांच्या खांद्यात काहीतरी सुटल्यासारखं झालं. हात कानाशी थांबला नाही. टोपीच्या वर गेला, खांबावरच्या दिव्याच्या दिशेनं गेला, आणि सरळ उभा राहिला. काकांनी मान वर करून पाहिलं. सहा महिन्यांनी त्यांची बोटं त्यांना छताच्या बाजूला दिसत होती.

टाळ्यांचा कडकडाट झाला. माणसं उठून उभी राहिली. घड्याळजींना चप्पल सापडली. काकांना भरून आलं. आपल्या खांद्याची इमारतीला इतकी काळजी असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"काय बोलू," ते म्हणाले. "मी तर आशाच सोडली होती."

"आम्हीसुद्धा," चेअरमन गहिवरून म्हणाले.

"सहा महिने वाट बघत होतो."

"आम्ही सहा वर्षं."

हे काकांना थोडं जास्त वाटलं, पण आनंदाच्या भरात माणूस चुकीचं बोलतो. चेअरमननी त्यांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा ठेवला. पंपाची, गच्चीची, मीटरच्या खोलीची. काकांनी तोही एकदा वर उचलून दाखवला. वजन घेऊनसुद्धा हात गेला. पुन्हा टाळ्या पडल्या.

घरी आल्यावर काकूंनी काय ते सांगितलं. काका मटकन खाली बसले.

"अहो, सगळी दुनिया हात वर करून सुटते," काकू म्हणाल्या. "तुम्ही हात वर करून अडकलात."

पण असं म्हणता म्हणता त्यांनी काकांना भिंतीपाशी उभं केलं. बोटं खिळा ओलांडून वर गेली. काकूंनी ठिपका स्वतः दिला. त्यासाठी त्यांना स्टुलावर चढावं लागलं, आणि खाली उतरल्यावर बराच वेळ त्या पदरानं डोळे पुसत राहिल्या.

सकाळी चहाच्या आधी सात तक्रारी आल्या. पंप चालतो पण थांबत नाही. दुसऱ्या मजल्याची गळती आता पहिल्या मजल्याची झाली आहे. कुणाच्या तरी कुत्र्यानं कुणाचं तरी पायपुसणं पळवलं आहे. काका तडक चेअरमनकडे गेले आणि म्हणाले, की हात मी वर केला नाही, तो आपोआप गेला. चेअरमननी तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली होती. ते विचारात पडले.

"हात वर जातच नाही असं असेल, तर तो सेक्रेटरीपदासाठी वर गेला असं धरता येणार नाही," ते म्हणाले. "लेखी आणा. व्यायामताईंच्या सहीचं. उद्याच्या आत."

जिना उतरतात तोच कंत्राटदाराचा निरोप आला. कागद उद्याच्या आत.

काका दवाखान्यात गेले. व्यायामताईसमोर बसून त्यांनी दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या. एक कागद हवा, हात वर जातो असा. एक हवा, जात नाही असा. वेगवेगळ्या माणसांना द्यायचे आहेत, त्यांची एकमेकांशी ओळख नाही.

ताईनं हिरव्या पेनाचं टोपण काढलं. "काका, हात एक. कागद एक. कुठला लिहू?"

 काकांच्या डोळ्यांसमोरून पंप गेला, गळती गेली, कुत्रा गेला. मग त्यांनी हात हळूहळू वर नेला. थरथरत होता, पण टिकला. वर बघता बघता त्यांची नजर दवाखान्याच्या छतावर गेली. खिडकीपासून दारापर्यंत ब्रशची ओढ दिसत होती.

"हे कुणी केलंय?" त्यांनी विचारलं.

"आठवत नाही. का?"

"काही नाही. जातो असंच लिहा."

एक तारखेला काका वाचनालयाच्या दालनात शिडी चढले. कंत्राटदार दोन्ही हातांनी शिडी धरून उभा होता. तासाला एकदा काका खाली उतरून खांदा शेकायचे आणि परत चढायचे. अकरा दिवस लागले. शेवटच्या दिवशी रोलरवाला बघायला आला, बराच वेळ मान वर करून उभा राहिला, आणि मान खाली घालून गेला. इतका आनंद काकांना लग्नातही झाला नव्हता, आणि हे त्यांनी काकूंना सांगून टाकलं.

पंप मात्र थांबत नव्हता. दुरुस्तीवाल्याचा नंबर शोधायला काकांनी एका रविवारी सेक्रेटरीची पत्र्याची पेटी उघडली. वरच व्यायामताईचे पाच राजीनामे होते, दरवर्षी एक, प्रत्येकावर चेअरमनचा शेरा: दुसरं कुणी तयार नसल्यामुळे नामंजूर. त्यांच्याखाली यंदाच्या सभेची सूचना होती. विषय पाचवा, सेक्रेटरीची निवड, वेळ बरोबर साडेसात. शाई हिरवी. काकांनी उठून आरशाच्या कडेत खोचलेलं व्यायामाचं कार्ड काढलं आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही लिहिल्याची तारीखही एकच होती.

काका तिसऱ्या मजल्यावर गेले. ताईनं दार उघडलं, त्यांच्या हातातले कागद पाहिले आणि पाणी आणायला आत वळली.

"पाणी नको. हे तुम्ही ठरवून केलंत?"

"वेळ मी ठरवली, काका. हात तुमचा तुम्ही वर केलात."

"आणि गेला नसता तर?"

"तर दोघंही आणखी एक वर्ष अडकलो असतो."

काकांनी रागवायचा प्रयत्न केला. रागानं त्यांनी बोट उगारलं, ते सहज डोक्याच्या वर गेलं, आणि मग रागावणं काही जमेना.

वर्ष सरत आलं. वार्षिक सभा अकरा आठवड्यांवर आली असताना घड्याळजी भिंतीवर घड्याळ टांगताना खुर्चीवरून पडले आणि त्यांचा खांदा मोडला. सगळ्या इमारतीला वाईट वाटलं. पण हात झोळीतून बाहेर येताच सगळ्यांच्या आधी, टोक काढलेली पेन्सिल खिशात घालून, रंगारीकाका त्यांच्याकडे धावले. त्यांनी घड्याळजींची भिंत फडक्यानं स्वच्छ पुसली, त्यांची बोटं हलक्या हातानं तिच्यावर टेकवली आणि पहिला ठिपका स्वतः दिला.

"घाबरू नका, हात वर जाणार," काका म्हणाले. "मी रोज येतो मोजायला. संध्याकाळी साडेसातला मोकळे असता ना?"