रोज एकच ओळ

गेनूतात्यांच्या कलापथकात बत्तीस वर्षं गाऊनही मला त्यांचं एकही गाणं पुरतं येत नव्हतं. यात माझा दोष नव्हता. तात्यांचा कायदाच तसा होता: "कडवं माझं, जी जी तुमचं. शब्दाला कुनी हात लावायचा न्हाई."

तात्या आमच्या कर्जत तालुक्यातले शाहीर. हुंड्यावर, दारूवर, चारा छावणीवर, वेळ पडली तर सरपंचावर गाणी रचायची, डोक्यातच ठेवायची आणि डफ उचलून खड्या आवाजात म्हणायची. मी एसटीत कंडक्टर. ड्युटी बदलून घ्यायची आणि त्यांच्या मागं उभं राहून "जी रं जी" म्हणायचं, एवढीच माझी कला. एकदा बसमध्ये तिकिटं फाडताना हुंड्याचं कडवं गुणगुणलो. तात्या नेमके मागच्या सीटवर. उतरताना म्हणाले, "कंडक्टर, तू लई पुढं चाललास." दोन महिने कार्यक्रमाला नेलं नाही.

या हट्टाला कारण होतं. तात्यांनी कलापथक काढलं तेव्हा अकरा जण होते. ज्याला चार गाणी पाठ झाली, तो वेगळा झाला. सख्खा भाचासुद्धा नागापूरच्या एमआयडीसीत कामाला लागला आणि मामाचीच गाणी स्वतःच्या नावावर म्हणू लागला. तेव्हापासून तात्या ताकसुद्धा फुंकून प्यायला लागले. शेवटी मागं उरलो दोघं, मी आणि हलगीवाला रज्जाक.

गेल्या वर्षी तात्यांच्या घशात कॅन्सर निघाला. नगरला ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. गाणी तर कुठंच लिहिलेली नव्हती. मला त्यांचा मनापासून राग आला. जन्मभर गाऊन माणसानं मागं काय ठेवलं, तर आमचं जी जी.

मी बाजारातून पाटी आणली. म्हणालो, "तात्या, आता तरी द्या." त्यांनी छावणीच्या गाण्याची एक ओळ लिहिली, आमच्याकडून दहादा म्हणवून घेतली आणि पाटी पुसून हातानंच 'जा' म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुसरी ओळ. रोज एकच.

"म्हातारा रेशनच्या रॉकेलवानी मापून देतोय," रज्जाक म्हणायचा.

दिवाळीनंतर गाठ परत आली. फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी तात्यांसमोरच सांगितलं. गाणी चाळीसच्या वर आणि आम्ही अजून दुसऱ्याच गाण्यात. मी चिडलोच. "तात्या, असं कसं पुरं व्हायचं? आज अख्खं गाणं द्या. मी वहीत उतरवून घेतो."

त्यांनी पाटी ओढली. लिहिलं, 'समदं दिल्यावर उद्या कशाला येशील?'

रज्जाकनं तोंड फिरवलं. मी म्हणालो, "गाणी ऱ्हाऊ द्या, तात्या. उद्या येतो. परवाबी येतो."

तात्यांनी बाहीनं पाटी पुसली आणि त्या दिवशी दोन ओळी लिहिल्या.